ठोसा दिसतो पण लागत नाही: बॉक्सिंग गेमचं चित्र आणि आवाज

जुळे सोलापुरातल्या एका कॉलेजच्या मुलाचा प्रश्न थोडक्यात असा: "काका, वर्षभर पैसे साठवून ग्राफिक्स कार्ड घेतलं. पीसी ४३ इंची फोर-के टीव्हीला जोडलाय, आवाजाला ब्लूटूथचा साउंडबार आहे. नवा बॉक्सिंग गेम सगळ्या सेटिंग अल्ट्राला ठेवून खेळतो. तरी बॉक्सर मेणाचे वाटतात आणि ठोसा थर्माकोलवर मारल्यासारखा वाजतो. मामाकडे जुन्या कन्सोलवर 'फाइट नाइट चॅम्पियन' खेळलो, तो २०११ चा असूनही जास्त खरा वाटला. आणखी मोठं कार्ड घेऊ का?"

कार्ड घेऊ नकोस. तू लिहिलेल्या लक्षणांत कार्डाचा दोष मला कुठे दिसत नाही. तुझा आवाज उशिरा येतोय, टीव्ही चित्रावर नको ती कारागिरी करतोय आणि अल्ट्राच्या हट्टापायी फ्रेमची, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांची, लय तुटतेय, असा माझा अंदाज आहे. यातलं बरंचसं शंभर-दीडशे रुपयांच्या वायरीत आणि तासाभराच्या बसणीत सुटेल.

मी हे कशाच्या जोरावर सांगतोय ते आधी ऐक. गेली १९ वर्षं मी टीव्ही, कन्सोल आणि गेमिंगचे पीसी दुरुस्त करतो. त्याआधी चार वर्षं बॉक्सिंग केलंय, रीतसर, सकाळी पाचला उठून. आणि माझे वडील यंत्रमागावर होते. अशोक चौकाच्या पलीकडे ज्यांचं बालपण गेलं त्यांना सांगायला नको, पण तुझ्यासाठी सांगतो: शंभर मागांच्या खडखडाटात वडील माझ्याशी बोलत असायचे आणि मध्येच उठून चार माग सोडून पाचव्याकडे जायचे, कारण तिथल्या धोट्याचा (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याचा) ठोका अर्धवट पडलेला त्यांना ऐकू यायचा. डोळ्यांनी ते माझ्याकडे बघत असायचे. वेळेच्या बाबतीत कान डोळ्यापेक्षा फार काटेकोर असतो, हे मी तिथे शिकलो, आणि बॉक्सिंग गेमचा सगळा खेळ वेळेवर उभा आहे.

म्हणून आवाजापासून सुरू करू. खऱ्या रिंगणात ठोसा एकाच तऱ्हेने वाजत नाही. समोरच्याच्या गार्डवर, म्हणजे बचावाला धरलेल्या हातांवर, पडला तर चामड्यावर चामडं, 'चट्ट'. डोक्यावर पडला तर आखूड आणि कोरडा. बरगड्यांखाली पोटात बसला तर बोदा, खोल, आणि मागोमाग समोरच्याच्या तोंडून श्वास निघाल्याचा आवाज. मारणाराही ठोशासोबत नाकातून 'श्श' करून श्वास सोडतो, तो वेगळाच. ग्लोव्हच्या वजनानेही फरक पडतो. व्यावसायिक लढतीत १४७ पौंडांपर्यंतच्या वजनगटात ८ औंसाचे आणि त्यावर १० औंसाचे ग्लोव्ह असतात, सरावाला १४ किंवा १६ औंसाचे. सरावाच्या ग्लोव्हचा आवाज उशीवर मारल्यासारखा भरीव येतो, लढतीच्या ग्लोव्हचा टणक. आमचे कोच पाठमोरे उभे राहून दोरीवरच्या उड्या मोजायचे आणि मागे न वळता ओरडायचे, "हात नुसते फेकायलास, टाच उचल!" बॅगवरच्या आवाजावरून त्यांना कळायचं की ठोसा खांद्यातून आलाय, पायातून नाही.

गेममधला चांगला ठोसा थराथरांनी बनवलेला असतो. सुरुवातीला काही मिलिसेकंदांचा कडक टचका, त्याखाली साधारण ६० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यातला 'धप्प', आणि मागे हॉलचा घुमार. टचक्यावरून कानाला कळतं ठोसा कधी लागला, धप्पवरून कळतं किती जोरात लागला, आणि घुमारावरून कळतं आपण कुठे आहोत. आता पातळ टीव्हीचे स्पीकर किंवा वूफर नसलेला छोटा साउंडबार घे. १५० हर्ट्झच्या खाली त्यांच्यातून फारसं काही बाहेरच पडत नाही. म्हणजे धप्प गेला, उरला नुसता टचका. थर्माकोल जो तुला ऐकू येतोय तो हाच. गेम बनवणाऱ्याने खालचा थर दिलेला असू शकतो, तुझ्यापर्यंत तो पोचतच नाहीये.

त्यात ब्लूटूथ. साध्या ब्लूटूथ साउंडबारला आवाज पोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण तिथे चित्र मागे ओढून जुळवता येतं. गेममध्ये चित्र थांबवता येत नाही, तू बटण दाबलंस की ते पुढे गेलंच पाहिजे. दोनशे मिलिसेकंद म्हणजे किती, ते असं समज. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे तेवढ्या वेळात जवळपास ६८ मीटर. पार्क मैदानावर सीमारेषेपाशी बसून क्रिकेटचा सामना बघितला असशील, तर फलंदाजाची बॅट आधी फिरलेली दिसते आणि फटक्याचा आवाज मग येतो. तुझ्या बॉक्सरचा ठोसा तेवढ्या लांबून ऐकू येतोय, आणि बॉक्सर मात्र चार फुटांवर उभा आहे. मेंदू अशा दोन गोष्टींना एक घटना मानायला तयार होत नाही. तो म्हणतो, हात हलला, नंतर कुठेतरी काहीतरी वाजलं. 'लागत नाही' ही भावना तिथून येते.

तेव्हा पहिलं काम हे. ब्लूटूथ तोड. पीसीतून साउंडबारला साडेतीन एमएमची ऑक्स वायर थेट लाव, किंवा टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआयमधून जोड. त्याहून चांगलं म्हणजे वायरवाला हेडफोन, कानाला पूर्ण झाकणारा. हजार-दीड हजाराचा हेडफोन बॉक्सिंग गेममध्ये जो धप्प देतो तो पाच हजारांचा लहान साउंडबार देत नाही, हे मी गिऱ्हाइकाचे पैसे वाचवायला नेहमी सांगतो.

वायर लावल्यावर गेमच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जा. तिथे आउटपुट 'होम थिएटर' किंवा ५.१ असं ठेवलेलं असेल आणि तुझ्याकडे दोनच स्पीकर असतील, तर काही आवाज चक्क गायब होतात. 'हेडफोन' किंवा 'स्टिरिओ' ठेव. 'नाइट मोड', 'ऑटो व्हॉल्यूम', विंडोजमधलं 'लाउडनेस इक्वलायझेशन', हे सगळं बंद. यांचं काम मोठा आवाज दाबून लहान आवाज उचलणं आहे, म्हणजे ठोसा आणि प्रेक्षकांची कुजबुज एकाच उंचीवर येतात. बॉक्सिंगमध्ये त्या दोघांत जेवढी दरी असेल तेवढा ठोसा मोठा वाटतो. मी स्वतः संगीत शून्यावर ठेवतो, समालोचन ४०, प्रेक्षक ६०, आणि ठोसे-श्वास-पायांचे आवाज १००.

प्रेक्षकांचा आवाज कमी करायला सांगतोय म्हणून तो बिनमहत्त्वाचा समजू नकोस. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर जो एकसारखा गोंगाट असतो तो पाच मिनिटांत कानाआड होतो, कारण तो कशालाच उत्तर देत नसतो. पण नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, उचलले जातात त्या क्षणी गर्दीचा जो हुंकार उठतो, तो अंगावर येतो. वाईट गेममधला प्रेक्षक जत्रेतल्या गोंगाटासारखा सतत चालू राहतो. चांगल्या गेममध्ये तो एखाद्या चांगल्या हुकनंतर (बाजूने वळवून मारलेल्या ठोशानंतर) लगेच वर येतो, कंटाळवाण्या फेरीत शांत होतो, आणि त्या शांततेत तुला कोपऱ्यातल्या माणसाचं ओरडणं आणि कॅनव्हासवर घासणारे बूट ऐकू येतात. फेरी संपायला दहा सेकंद उरली की लाकडावर लाकूड आपटून इशारा देतात. तो आवाज ज्या गेममध्ये प्रेक्षकांच्या गलक्यातूनही स्वच्छ येतो, तिथे आवाजावर काम करणारा माणूस बॉक्सिंग बघणारा आहे असं समजायला हरकत नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी एक मुलगा हीच तक्रार घेऊन आला होता. मी त्याच्या मशीनमधलं चित्राचं एकही सेटिंग बदललं नाही, फक्त आवाज टीव्हीवरून काढून वायरच्या हेडफोनवर दिला. दोन फेऱ्या खेळून तो म्हणाला, "ग्राफिक्स कुठलं टाकलं तुम्ही?" त्याला खरोखर चित्र बदललेलं दिसत होतं. तेव्हापासून मी कुणाचंही 'ग्राफिक्स खराब आहे' ऐकलं की आधी आवाजाची वायर बघतो.

आता टीव्ही. तुझ्या बटणापासून पडद्यावरच्या हातापर्यंत किती वेळ जातो हा चित्राच्या दर्जाचाच भाग आहे. डोळ्याने काही पाहून हात हलवायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. समोरच्याचा खांदा हलला, तू मान बाजूला घेतलीस, एवढ्याला तेवढा वेळ गेला. टीव्ही नेहमीच्या 'स्टँडर्ड' किंवा 'व्हिव्हिड' मोडवर असेल तर तो प्रत्येक चित्र सजवण्यात ५० ते १०० मिलिसेकंद आणखी खातो. गेम मोडवर हाच आकडा बहुतेक टीव्हींत २०च्या आसपास किंवा खाली येतो. म्हणजे कधी कधी सेकंदाचा जवळपास दहावा भाग तुला परत मिळतो, आणि बॉक्सिंगमध्ये एवढ्यात जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) येऊन जातो.

आणि मेणाचा बॉक्सर? निम्मा तुझ्या टीव्हीने बनवलाय. 'नॉइज रिडक्शन' नावाचं जे काही असेल ते बंद कर. ते चित्रातली बारीक खरखर पुसतं, आणि त्वचेवरची छिद्रं, दाढीची खुंटं, भुवईवरची जुनी जखम हीसुद्धा त्याच्या लेखी खरखरच. शार्पनेस खाली आण, नाहीतर खांद्यांच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि माणूस कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. हालचाल गुळगुळीत करणारं जे सेटिंग असतं, ज्याला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, तेही बंद, कारण ते दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेलं तिसरं चित्र घालतं. आणखी एक, पीसीवाल्यांची हमखास चूक: ग्राफिक्स कार्ड एका रेंजमध्ये रंग पाठवतं आणि टीव्ही दुसऱ्या रेंजमध्ये वाचतो. मग काळी चड्डी राखाडी दिसते, किंवा उलट, सावलीतला अख्खा गाल काळा होऊन जातो. टीव्हीत त्या एचडीएमआयला 'पीसी' हे नाव दे आणि कार्ड व टीव्ही दोन्हींकडे 'फुल' ठेव.

उरलेला निम्मा मेणाचा बॉक्सर समजायला एक प्रयोग कर. रात्री दिवा घालव, मोबाइलचा टॉर्च लाव आणि त्यावर बोटं ठेव. बोटं लाल दिसतील. प्रकाश त्वचेत शिरतो, आत विखुरतो आणि लालसर होऊन बाहेर येतो. कानाच्या पाळीमागे सूर्य असला की हेच दिसतं. गेममध्ये हा परिणाम वेगळा गणून घालावा लागतो. तो नसेल तर माणूस रंगवलेल्या प्लास्टरचा वाटतो. पण मेणातही प्रकाश असाच शिरतो! म्हणून हा परिणाम असून वरचा पृष्ठभाग सगळीकडे सारखाच चमकत असेल, तर माणूस मेणाचा होतो. खऱ्या चेहऱ्यावर कपाळ आणि नाक चमकतं, गाल कमी, दाढीची जागा आणखी कमी. आणि बॉक्सरच्या अंगावर ही चमक फेरीगणिक वाढते, घाम आधी कपाळावर, मग खांद्यांवर, मग छातीवर. घाम आला की दिव्याचा ठिपका त्वचेवर पसरट न राहता टोकदार होतो.

२००६ च्या 'फाइट नाइट राउंड ३' मध्ये लोक अवाक झाले ते यामुळेच. घामाचे थेंब, ठोशाबरोबर वाकडा होणारा गाल, सुजत जाणारा डोळा. त्या गेमच्या एक्सबॉक्स ३६० आवृत्तीत शक्तीच्या पट्ट्या पडद्यावर मुळात दिसतच नसत. समोरचा किती दमलाय हे त्याच्या चेहऱ्यावरून, खाली आलेल्या हातांवरून ओळखायचं. चित्राला खरं काम दिलं होतं, म्हणून लोकांनी चित्राकडे नीट पाहिलं. मामाकडे खेळलास तो 'चॅम्पियन' त्याच मालिकेतला. त्यानंतर मोठ्या तयारीचा गंभीर बॉक्सिंग गेम बराच काळ आला नाही, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या छोट्या कंपनीचा 'अनडिस्प्युटेड' पूर्ण स्वरूपात आला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. जुना गेम तुला जास्त खरा वाटला यात तुझी चूक नाही. शिवाय मामाकडे तो बहुधा वायरने जोडलेल्या स्पीकरवर, टीव्हीच्या फारशा कारागिरीविना चालत असणार.

जुन्याची गोष्ट निघालीच आहे तर. निन्टेन्डोचा १९८४ चा 'पंच-आउट' दोन पडद्यांच्या मशीनवर होता, एकावर एक. आपला बॉक्सर नुसत्या हिरव्या रेघांचा, आरपार दिसणारा, कारण समोरचा माणूस झाकला जाऊ नये. १९८७ मध्ये तो घरच्या कन्सोलवर आला तेव्हा आरपार रेघा जमेनात, मग नायकालाच बुटका केला. मोजक्या रंगांच्या त्या चित्रात समोरचा मारणार हे त्याच्या डोळ्याच्या किंवा हाताच्या एका हालचालीवरून कळायचं, आणि ठोसा बसला की त्याच क्षणी आवाज. लहानपणी कॅसेटवाल्या टीव्ही गेमवर असले खेळ खेळलेल्या माणसाला आजही तो ठोसा बोटांत आठवतो.

सेटिंगकडे येऊ. फोर-के म्हणजे ८३ लाख ठिपके, फुल एचडी म्हणजे २१ लाखांच्या आत, मधला १४४० चा पर्याय जवळपास ३७ लाख. ४३ इंची टीव्ही सात-आठ फुटांवरून बघताना १४४० आणि फोर-केमधला फरक डोळ्याला शोधावा लागतो, पण कार्डाला मात्र दुपटीहून जास्त काम पडतं. तेव्हा गेम १४४० वर आण, किंवा अपस्केलिंग (कमी ठिपक्यांचं चित्र मोठं करून दाखवणं) 'क्वालिटी'वर ठेव. 'परफॉर्मन्स'वर नको, त्याने त्वचेचा तपशील पुन्हा धुऊन निघतो. टेक्स्चर, म्हणजे त्वचा-कापडावर चढवलेलं बारीक चित्र, सगळ्यात वर ठेव, कार्डात मेमरी असली की त्याचा भार फारसा पडत नाही आणि चेहऱ्याचा सगळा तपशील तिथेच असतो. सावल्या मध्यमपेक्षा वर, विशेषतः जिथे दोन वस्तू टेकतात तिथली सावली. बुटाखाली ती नसेल तर बॉक्सर कॅनव्हासच्या बोटभर वर तरंगतो, आणि तरंगणाऱ्या माणसाच्या ठोशात वजन कुठून येणार? प्रेक्षक, धूर, जमिनीवरची प्रतिबिंबं बिनधास्त कमी कर. मोशन ब्लर बंद.

मग फ्रेम सेकंदाला ६० वर बांधून टाक. एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. ती दर वेळी तेवढीच असावी. कधी ९० आणि कधी ४८ यापेक्षा सरळ साठ बरी, कारण हात लय पकडतो. एक-दोन-हुक ही जोडणी तू मनात मोजून मारतोस, आणि मधली एक फ्रेम लांबली की हुक चुकतो.

हे सगळं तपासायचं चाळीस मिनिटं खेळून, पाच मिनिटांत नाही. सोलापूरचा उन्हाळा तुला माहीत आहे. खोलीत ४० अंश असताना कार्ड आणि प्रोसेसर तापतात, स्वतःला वाचवायला वेग कमी करतात, आणि पहिल्या तीन फेऱ्या मस्त चाललेला गेम सहाव्या फेरीत अडखळायला लागतो. लोकांना वाटतं गेममध्ये बिघाड आहे. माग असलेल्या भागातून येणाऱ्या मशीनमध्ये तर मी सुताच्या तुसाचा नमदा काढतो, पंख्याच्या मागे जाळीवर जमलेला, अक्षरशः घडी करून उचलता येतो. दर दोन महिन्यांनी ब्लोअर मार, मारताना पंखा बोटाने धरून ठेव, आणि मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढ.

अर्थिंगही बघून घे. जुन्या वायरिंगच्या घरात अर्थिंग धड नसलं की स्पीकरमधून बारीक 'घूंऽऽ' येत राहते, ५० हर्ट्झची. ठोशाचा धप्प त्याच शेजारात राहतो, त्यामुळे घूं चालू असताना तो उठून येत नाही. यावर आवाज वाढवण्यात अर्थ नाही, वायरमनला बोलवून पॉइंट तपासून घे. हे तर सुरक्षिततेसाठीही करायलाच हवं.

यातल्या कशानेही न सुटणारे दोष असतात, ते ओळखायला शिक म्हणजे उगाच सेटिंग धुंडाळत बसणार नाहीस. पाय कॅनव्हासवर घसरतात, ठोसा मारताना मागची टाच उचलली जात नाही, ग्लोव्ह गालातून आरपार जातो, किंवा प्रत्येक जॅबला तोच एक आवाज वाजतो. हा शेवटचा दोष मला सगळ्यात जास्त टोचतो. चार-पाच वेगवेगळे आवाज आळीपाळीने वाजवले तरी चालतं, पण एकच वाजला तर तिसऱ्या जॅबला कान ओळखतो की हे यंत्र आहे. पुढचा गेम घेण्याआधी त्याचा खेळतानाचा व्हिडिओ हेडफोन लावून, डोळे मिटून ऐक. गार्डवरचा, डोक्यावरचा आणि पोटावरचा ठोसा तुला न बघता वेगळे सांगता आले तर पैसे घाल. स्टीमवर घेतलास तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर परतावा मागता येतो, तेव्हा त्या दोन तासांत आधी सरावाच्या बॅगवर जा, कारकीर्द सुरू करत बसू नकोस.

रविवारी असं कर. वायर लाव, टीव्हीचा गेम मोड चालू कर, १४४० आणि ६० फ्रेम बांध. मग मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा २४० फ्रेमवर ठेवून अशा जागी धर की कंट्रोलरवरचा तुझा अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील. जॅबचं बटण दाब. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेत मोज: अंगठा दबल्यापासून ग्लोव्ह हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या. एक फ्रेम जवळपास चार मिलिसेकंदांची. २४ आल्या तर शंभर मिलिसेकंद, त्यात गेमचा स्वतःचा वेळही धरलेला आहे, आणि तेवढं चालेल. ४०च्या वर आल्या तर टीव्हीत अजून काहीतरी चालू राहिलंय. तो आकडा आणि टीव्हीचं मॉडेल मला कळव, म्हणजे कुठल्या मेनूत लपलंय ते सांगतो.